तू सांगितलेला शेवट

ताई,

तुझी ती कोरियन कादंबरी मी इंग्रजीतून स्वतः वाचली. माझ्या इंग्रजीची बोंब तुला ठाऊकच आहे. दुकानात कापड बेतून झालं की डिक्शनरी उघडायची. चार महिने लागले. पानापानावर खडूची बोटं उमटलीत.

मागे मी बॅग घेऊन तुझ्या दारात आले, तेव्हा तू मला हीच गोष्ट सांगितलीस. "शेवटी ती सून नवऱ्याकडे परत जाते," म्हणालीस. मीही मुकाट्याने परत गेले.

पुस्तकात ती परत जात नाही, ताई. भाड्याने खोली घेते, एकटीच पोटभर जेवते आणि गाढ झोपते.

'तुझ्यावर राग नाही' असं लिहिलं होतं, ते खोडलं. हे पत्र टाकणारच नाही. उद्या पुस्तक परत द्यायला मीच येतेय. बॅग आणणार नाही. ती माझ्या खोलीवर असेल.

तुझीच,
धाकटी