मिरीवाली खारी बिस्किटं

अहो,

लेकीला आणायला बसस्टँडवर जातेय. ओव्हनमध्ये केक आहे. वास सुटला म्हणून मध्येच उघडून बघू नका, बसेल तो. ओव्हनची घंटी वाजली की फडक्याने धरून बाहेर काढा.

ताटातली गोड बिस्किटं लेकीची आणि जावयाची. हो, जावयाचीच! लग्नात तुम्ही त्याला जे बोललात ते ती विसरलेली नाही, तरी त्याला घेऊन सुट्टीला येतेय. यंदा जिभेला आवर घाला.

निळ्या डब्यात तुमची मिरीवाली खारी बिस्किटं आहेत. जरा कोरडी झालीत, घशाखाली पटकन उतरत नाहीत. दाराची बेल वाजली की दोन एकदम तोंडात कोंबा आणि मगच दार उघडा. म्हणजे पहिलं वाक्य तिला बोलता येईल.