उन्हात टाकलेली गादी

ता. ११ ऑक्टोबर

भिंगरीच्या बाबांना, दवाखान्याशेजारच्या निवासातल्या मावशीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. पाण्याची टाकी पुन्हा गळते आहे, तू लिंपलेली जागा तेवढी कोरडी आहे. गवंडी म्हणून तुझा हात चांगला, डोकं मात्र गहाण टाकलेलं. बघ, अहोजाहो करायचं ठरवून बसले होते, दुसऱ्याच ओळीत गाडी घसरली. राग आला की मला ते जमत नाही.

लेकीला घेऊन गेलास त्याला महिना होऊन गेला. फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र तुमच्या आरोग्यसेविकेच्या हाती पाठवते आहे. तिला बजावलंय, तो पूर्ण वाचेपर्यंत समोरून हलू नकोस, चहासुद्धा घेऊ नकोस.

तू म्हणशील, मानेवरची गाठ गेली, केस उगवले, पोर घरभर भिरभिरते आहे, मग आता कशाला सुया टोचायच्या? तुझ्या वतीने मी डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं, जरा भांडूनच. त्या म्हणाल्या, दिसत नाही म्हणजे गेला असं नाही. उपचार अर्धवट सोडले तर कॅन्सर उलटतो, आणि मग याच औषधांना तो दाद देत नाही. सरकारने औषधं फुकट केली, लोकांच्या देणग्यांतून हा निवास उभा राहिला, आणि बरी होणारी पोरं आईबापच उचलून नेतात. कुणाच्या नावाने बोटं मोडायची सांग?

पण तू केसांमुळे गेला नाहीस. झाडणारीने मला सांगितलं. त्या सकाळी तू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलास, तिथे सगळ्या पोरांवर हुकूम सोडणाऱ्या आपल्या छोट्या फौजदाराची गादी उन्हात टाकलेली दिसली. खाली येऊन भिंगरीच्या शेजारची त्याची खाट रिकामी पाहिलीस, आणि कुणाला एका शब्दाने न विचारता पिशव्या भरल्यास.

अरे वेड्या, फौजदार बरा होऊन घरी गेला! त्याचा शेवटचा डोस झाला होता. आजोबा त्याला पहाटेच्या बसने घेऊन गेले. गाजावाजा केला नाही, कारण तो माझाच नियम. एकाचं पोर हसतखेळत घरी निघालं की शेजारच्या खाटेवरच्या पोराच्या आईला ते बघवत नाही, म्हणून गुपचूप निघायचं. आणि जी पोरं खरंच जातात, त्यांच्याबद्दलही इथे कुणी विचारत नाही. गादी दोन्ही वेळा उन्हातच टाकतो आम्ही. बघणाऱ्याला काय कळणार? हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

काल तो तपासणीला आला होता. गाल वर आलेत, हुकमत तीच. "भिंगरी कुठाय? माझी शिट्टी तिच्याकडे आहे. उसनी दिलीय, कायमची नाही."

म्हटलं, गावी गेलीय.

"कुणाला विचारून?"

त्याचा प्रश्न तुझ्याकडेच पाठवते आहे. ती शिट्टी तू आठवण म्हणून जपून ठेवली असशील ना? काढ बाहेर.

आता जे लिहायचं टाळत होते ते. खिडकीजवळची मुलगी, भिंगरीला चित्रं काढून द्यायची ती, गेली. बरी होऊन नाही. तिलाही वडिलांनी मध्येच नेलं होतं, परत आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. हे तुझ्यापासून लपवलं असतं, तर फौजदाराच्या बातमीवर तू विश्वास का ठेवावास? भिंगरी हमखास बरी होईल असं मी लिहून देऊ शकत नाही. डॉक्टरीणबाईही देत नाहीत. पण अजून वेळ गेलेली नाही, असं त्या काल म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तेच म्हणतील की नाही, मला ठाऊक नाही. मला भीती वाटते रे.

यापुढे प्रत्येक रिकाम्या खाटेचं मी तोंडाने सांगणार आहे, बरं असो की वाईट. सुरुवात तुझ्यापासून केली.

भिंगरीची गादी गुंडाळून माझ्या खोलीत ठेवली आहे. झाडणारी रोज म्हणते, वर टाकू का, आणि मी रोज तिच्यावर ओरडते. त्या गादीला ऊन दाखवायचं ते भिंगरी शिट्टी परत करून, बरी होऊन घरी जाईल त्या दिवशीच.

तोवर तुझ्यावर रागावलेली,
मावशी