कमरेइतका ओटा

३ फेब्रुवारी १९४६, रविवार. सातारा.
सकाळी मनू चुलीपुढून उठताना भिंत धरून अर्धी उठली आणि परत खाली बसली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, धूर गेला. चूल विझलेली होती. मी सहा वर्षं मिलिटरीत, त्यातली तीन समुद्रापार. ही इथे एकटी. पाणी, जळण, जात्यावरचं दळण. गुडघे त्यातच गेले. डॉक्टर म्हणतात, उकिडवं बसणं बंद. पण मग रांधायचं कसं? मला फार वाईट वाटलं.

निर्णय: उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा बांधणे. इटलीत मी स्वतः पाहिलाय. तिथल्या बायका उभ्याने रांधतात, वर गुळगुळीत दगड. आमच्या बोळात तरी हा पहिलाच. मुदत पाडव्यापर्यंत. त्या दिवशी मनूचा भाऊ जोतीराम माधवनगरहून येतोय. पुरणपोळी ओट्यावरच होणार. माझ्यासारख्या सप्लाय डेपोतल्या हवालदार-क्लार्कला दोन महिने म्हणजे चिक्कार.

५ फेब्रुवारी.
बिराप्पा गवंडी आला. उंची किती धरू, विचारत होता. मी म्हटलं, कमरेइतकी. भिंतीला पाठ लावून अटेन्शनमध्ये उभा राहिलो. त्याने माझ्या कमरेशी कोळशाची रेघ मारली. मनू दारातून म्हणाली, आवं, मी काय म्हंते... मी म्हटलं, मापाच्या वेळी मध्ये बोलायचं नाही.

९ फेब्रुवारी.
वर काय घालायचं हा खरा प्रश्न. बिराप्पा म्हणतो, काळा दगूड घाला की, पाट्याचा, लय टिकतोय. बिचारा. त्याची झेप पाट्यावरवंट्यापर्यंतच. माझा विचार सबंध सागवानाचा चालू आहे.

१२ फेब्रुवारी. सांगली.
जयपाल शेठजींच्या लाकडाच्या वखारीत गेलो. बेत सांगितला. शेठजी म्हणाले, हवालदारसाहेब, चुलीखाली लाकूड घालून घरात होळी करता काय? हे माझ्या ध्यानात आलंच होतं, फक्त बोलून दाखवलं नव्हतं. सुधारित योजना: निम्मा ओटा दगडाचा, त्यावर चूल. निम्मा लाकडाचा, त्यावर चिरणं, मळणं, लाटणं. शेठजी म्हणाले, जांभूळ घ्या, पाण्याला दाद देत न्हाई. मी सागवानच घेतलं. शेठजींनी बजावलं, ओलं हाय, दोन महिने सावलीत वाळू द्या. दोन महिने कुठले? तिथूनच संगमरवराचा आणि शहाबादीचा एकेक तुकडा मिळवला.

१३ फेब्रुवारी. सातारा.
फळी सर्व्हिस मोटारीच्या टपावरून आणली. वाटेत एका आंब्याच्या फांदीला अडकली. मोटार थांबली, फळी सुखरूप. फांदी आली बरोबर. पॅसेंजर काहीबाही बोलले. घरी आल्यावर मनू म्हणाली, एकदा मला त्या रेघंपाशी हुबी करून तरी बघा. मी म्हटलं, आधी ओटा होऊ दे, मग हवी तेवढी उभी राहा.

१७ फेब्रुवारी.
शास्त्रीय टेस्ट. संगमरवर, शहाबादी आणि काळा दगड, तिन्हींवर चिंचेचा कोळ, हळद आणि कडकडीत तेल ओतून रात्रभर ठेवलं.

१८ फेब्रुवारी.
संगमरवर हळदीच्या नवरदेवासारखा पिवळा झालाय. चिंच लागली तिथली चकाकी गेली. शहाबादी तडकली. काळा दगड मात्र ढिम्म. म्हणजे काळा दगड. हा शोध पूर्णपणे माझा. बिराप्पाला सांगितलं तर नुसता मान हलवत होता. रेशनचं तेल टेस्टमध्ये संपलं, त्यामुळे आठवडाभर भाजी बिनफोडणीची. रात्री मनूने गुडघे चोळायला तेल मागितलं, तेही नव्हतं. मान खाली घालून बसलो.

२४ फेब्रुवारी.
दगड आला. बिराप्पा आणि चार माणसांनी रेघेच्या मापाने बसवला. झकास. घासून आरसा करणार आहे. वाळू, विटेचा चुरा, पाणी. स्वतः घासणार. फळी लवकर वाळावी म्हणून चुलीजवळ उभी केली आहे. शेठजींना नव्या पद्धती कुठून ठाऊक असणार.

८ मार्च.
बारा दिवस घासतोय. हात सुजले. पण दगडात माझी मिशी दिसते! मनूला बोलावून दाखवलं. वाकून बघायला तिला टाचा उंचावाव्या लागल्या. तिने आधी दगडाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रेघेकडे, मग माझ्याकडे. पटलं असावं.

११ मार्च.
फळी वाळली, ओट्यावर बसवली. थोडी वाकली आहे. लाटणं ठेवलं की आपोआप गडगडत खाली जातं. फायदा: सांडलेलं पाणी आपोआप वाहून जाईल.

१९ मार्च. दुपारी.
घात झाला.
मी सोप्यात बसून ओट्याखालच्या जळणाच्या खणाचं ड्रॉइंग काढत होतो. मनू शेजारी हरणाबाईकडे गेलेली. बोळातून सुलाबाई टाकीवाली ओरडत आली, पाट्याला टाकी लावायची का, म्हणून. पाटा गुळगुळीत झालाय, छिन्नीने टाके पाडल्याशिवाय मसाला वाटला जात नाही, असं मनू आठवडाभर सांगत होती. मी मान वर न करता म्हटलं, आत काळा दगड आहे, लावून टाक.
ठक ठक ठक. बराच वेळ. मनात म्हटलं, बाई कामसू आहे. दोन तासांनी ती घामाघूम बाहेर आली. म्हणाली, दादा, एवढा थोरला पाटा उभ्या जन्मात बघितला न्हाई, तुमच्यात खाणारी हायत तरी किती?
मी आत धावलो. सबंध दगडावर देवीचे व्रण असावेत तसे टाके. माझी मिशी कुठेच दिसेना. पाटा कोपऱ्यात होता तसाच.

१९ मार्च. संध्याकाळी.
मनू आली. बघितलं. आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. चार महिन्यांपूर्वी परत आलो तेव्हापासून तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला रडावं की हसावं कळेना. विचारांती: खरखरीत दगडावर भांडी घसरत नाहीत. शिवाय मसाला थेट ओट्यावरच वाटता येईल.

१ एप्रिल.
ओट्यावर मातीची चूल घातली. रीतीप्रमाणे एक हात उंच. बिराप्पा म्हणाला, हवालदार, चुलीची उंची धरली न्हवती का वो मापात? मी म्हटलं, चूल म्हणजे काय ओटा आहे का?

३ एप्रिल. पाडवा.
गुढी उभारली. जोतीराम आला. हरणाबाई आणि तिचे मालक आकाराम, दोघंही ओटा बघायला आले. मनूला हाताला धरून ओट्यापुढे उभी केली.
दगड तिच्या छातीशी लागला. चूल तिच्या तोंडासमोर. चुलीवर पातेलं. आत डाळ शिजतेय की करपतेय, ते तिला दिसेचना. पाटावर चढून बघ म्हटलं, तर गुडघा वळेना. जोतीराम छताकडे बघत उभा राहिला.
दोन महिने. एवढ्या घरात एक ओटा बांधला, आणि जिच्यासाठी बांधला तिच्याच उपयोगाचा नाही.
डाळ उतू जायला लागली. पळीपर्यंत हात पोचत होता फक्त माझा. मनू दारात खुर्ची टाकून, पाय लांब करून बसली आणि सांगत गेली. आता गूळ. आता हाटा. वेलदोडे, आवं, वेलदोडे! बारा पोळ्या झाल्या, सात फुटल्या. जोतीराम म्हणाला, दाजी, लय ग्वाड. फुटलेल्याच त्याने खाल्ल्या.

४ एप्रिल.
मनूला सांगितलं, चूक झाली. बिराप्पाला बोलावतो, ओटा पाडून वीतभर खाली घेतो. मनू घाईघाईने म्हणाली, नगं! आजिबात हात लावू नगा. लय चांगला झालाय.
किती समजूतदार. तोवर चूल मी सांभाळणार. तात्पुरती ड्यूटी.

१४ एप्रिल, रविवार.
पहाटे पाच. चूल पेटवली, चहा, भाकऱ्या. काल सांडगी मिरची तळायला शिकलो. मनू आज भिंत न धरता उठली आणि हरणाबाईबरोबर मंडईपर्यंत चालत जाऊन आली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

दुपारी बिराप्पा भेटला. हरणाबाई असाच ओटा बांधून घेतेय म्हणे. दगड नाही तर फरशी, लाकूड कुठलंही चालेल म्हणाली. पण माप मालकांच्या कमरेचंच घ्यायचं, असं मनूने तिला बजावून सांगितलंय.

संध्याकाळी आकाराम बोळात दिसले. ओटा छान वाटला हो, म्हणाले. मी घराकडे वळलो. कणीक मळायची राहिली होती.