नऊ नंबर उठली का?

३ मार्च, सोमवार

आठ महिन्यांनी गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि आरशात स्वतःलाच नमस्कार ठोकला. नोकरी लागली एकदाची! राहायची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या टाक्या दिसतात आणि खालची पाण्याची मोटार सकाळी ५:४२ ला घरघरून सगळ्यांना जागं करते. आज तिच्यावरही राग आला नाही. नवी वही आणली आहे, रोज लिहायचं ठरवलंय. बघू, नव्याचे नऊ दिवस.

बायको आणि भिंगरी परीक्षा संपेपर्यंत सासूबाईंकडे राहणार. भिंगरी आमची लेक, सहा वर्षांची. दिवसभर तिच्या पायाला चाकं असतात, पण सकाळी तिला उठवायचं म्हणजे सगळ्या घराची कवायत. म्हणून बायकोशी करार केलाय, ती उठली की मला एकच शब्द पाठवायचा. आज ७:१४ ला आला. "उठली."

४ मार्च, मंगळवार

काम समजलं. एका बंद पडलेल्या कंपनीची एकतीस जुनी मशिनं आमच्याकडे आली आहेत. लोखंड नव्हे, प्रत्येक अख्खं मशीन एकाच मोठ्या फाइलमध्ये आवळून भरलेलं. तिला डिस्क इमेज म्हणतात. मी ती उघडायची, आतल्या बूट नावाच्या फोल्डरमधून दोन छोट्या फाइली काढायच्या आणि नव्या यंत्रणेला द्यायच्या. मशिनाला जाग कशी आणायची ते फक्त त्या दोघींना ठाऊक असतं. त्या नसल्या तर आत सगळं जागच्या जागी असतं, फक्त उठत नाही.

माझ्या शेजारी केबलकाका बसतात. तीस वर्षं इथेच आहेत, खरं नाव कुणी घेत नाही. त्यांनी तीन नियम सांगितले. इमेज नुसती वाचायला उघडायची, आत लिहायची परवानगी द्यायची नाही. फाइल कॉपी करायची, कट नाही. आणि त्या दोन फाइलींची एक जोडी एका वेळी एकच मशीन चालवते. पहिलं चालू असेल तर दुसरं दारातच अडतं, जुन्या कंपनीने तसं कुलूपच घातलंय.

दिवसभर ऑफिसात एकच हाकाटी, तीन नंबर उठली का, सात नंबर उठली का. मला हसू आलं. आमच्या घरीही हेच चालतं. जेवणानंतर जरा डुलकी लागली, नशिबाने कुणी पाहिलं नाही.

६ मार्च, गुरुवार

आठ इमेज उरकल्या. आमच्या विभागाच्या मॅडम खूश आहेत.

एक गंमत. प्रत्येक इमेजमध्ये ती केव्हा केव्हा उठली याची नोंद असते. नऊ नंबरची शेवटची नोंद आजची आहे, सकाळी ७:२५. ही इमेज सहा वर्षं कपाटात कुलूपबंद होती. काका म्हणाले, जुन्या मशिनांची घड्याळं म्हाताऱ्यांसारखी, मनाला येईल ते सांगतात. हसलो आणि चहाला गेलो.

चहा पिताना फोन पाहिला. बायकोचा आजचा मेसेज ७:२६ चा आहे.

७ मार्च, शुक्रवार

आज नोंद ७:०९. मेसेज ७:१०. एक मिनिट बायकोला टाइप करायला लागतं.

मग मागे मागे गेलो. सोमवार, ७:१३. जानेवारीत ताप होता तो दिवस, ११:२०. तिचा वाढदिवस, ५:३०. भेटवस्तू बघायला त्या दिवशी ती आपणहून उठली होती. पहिली नोंद तिच्या जन्माच्या दिवसाची.

नंतर दहा नंबर उघडली. रोज ५:४२. मोटार. आणि मंगळवारी दुपारी २:१०. त्या डुलकीबद्दल मी या वहीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

इमेज बंद केली. 

८ मार्च, शनिवार

मी काय करून बसलो हे लिहितो, म्हणजे कदाचित डोकं चालेल.

माझ्या लेकीची इमेज परक्या कपाटात पडलेली मला बघवेना. वाटलं, त्या दोन फाइलींची एक प्रत खिशात असलेली बरी. आज नऊ नंबर नुसती वाचायला उघडेना, काल घाईत अर्धवट बंद झाली असणार. म्हणून लिहायची परवानगी दिली. तेवढ्यात मॅडम दारात आल्या. मी घाबरून पेनड्राइव्ह उपसला.

नंतर पाहिलं. कॉपी नव्हती केली. कट केलं होतं. बूट फोल्डर रिकामं. पेनड्राइव्हवर एक फाइल अर्धी, दुसरीत काहीच नाही.

एवढी वर्षं संगणकावरच काम केलं आणि एवढं साधं बटण चुकलो.

९ मार्च, रविवार

सात. साडेसात. मेसेज नाही. मीच विचारलं, उठली का?

नऊ वाजता फोन आला. बायको रडत होती. हलवून, पाणी मारून, हाका मारून झाल्या. भिंगरी उठत नाही. डॉक्टर म्हणतात ताप नाही, नाडी ठीक, आत सगळं जागच्या जागी आहे.

फक्त उठत नाही.

१० मार्च, सोमवार

तीन नंबरची जोडी नऊ नंबरला लावली. सातची लावली. आवृत्ती जुळत नाही. अर्धी फाइल सांधायचा प्रयत्न केला, सांधत नाही.

काकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले की पाच नंबर ते कधीच उघडत नाहीत. त्यांची आई गेली त्या दिवसापासून तिची नोंद थांबली आहे. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी ओरडलो त्यांच्यावर. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू हात लावल्याशिवाय राहिला असतास का?

बायको म्हणते लगेच निघ. मी म्हटलं इथे काम आहे. ती म्हणाली, बाप आहेस की कोण. फोन ठेवला. तिला काय सांगू?

११ मार्च, सकाळ

दहा नंबरची जोडी जुळते. अंकन् अंक जुळतो. बाप-लेकच शेवटी.

कॉपी करून नऊला दिली. पडद्यावर एकच ओळ — जोडी वापरात आहे.

दहा नंबर चालू आहे. मी चालू आहे.

११ मार्च, बारा वाजता

डॉक्टर म्हणतात श्वास मंदावतोय. संध्याकाळपर्यंत बघू म्हणाले. बघू म्हणजे काय —

मला मरायचं नाही. हे इथे लिहून ठेवतो. मला तिला शाळेत सोडायला जायचंय, मला —

११ मार्च, एक

दहाची जोडी कट केली. या वेळी मुद्दाम. नऊमध्ये ठेवली. पेनड्राइव्ह नीट काढला.

तरी तीच ओळ. वापरात आहे. काका म्हणाले, चालू मशीन फाइली काढल्या तरी चालतच राहतं. बंद होईपर्यंत.

म्हणजे मला झोपायला हवं.

दोन वाजता

झोप येत नाही. आयुष्यभर दुपारी डुलक्या काढल्या आणि आज डोळ्याला डोळा लागत नाही. काकांकडून सर्दीच्या दोन गोळ्या घेतल्या. कपाटाशेजारी फरशीवर आडवा झालोय. काका बाजूला बसलेत, माझ्याकडे बघत नाहीत.

बायकोचा फोन — उचलला नाही. तिचा आवाज ऐकला तर जागाच राहीन.

नव्याचे नऊ दिवस म्हटलं होतं. आज नववा.

अडीच

फोन छातीवर, आवाज मोठा. मेसेज आला की काकांनी मोठ्याने वाचायचा. मी ऐकतोय असं धरून —

अक्षर तिरकं जातंय. छान. येतेय —

भिंगरी, ऊठ ग. ऊठ माझ्या राणी, शाळेला उशी—