दादाच्या जीपला नवे टायर

४ नोव्हेंबर
ठरलं. दादाची जीप टेकडीवर मी नेणार. वहिनी शेजारी बसणार. दादा गेल्यावर आता महिनाअखेरीला वहिनी लेकीकडे कायमच्या राहायला जातायत आणि जीप जनावरांच्या डॉक्टरांना विकून झालीये. त्याआधी एकदा, दादाच्याच गाडीतून, त्यांना त्याच्या कामाचा टीव्ही टॉवर बघायचाय. दादाने जन्मभर तिथली यंत्रं सांभाळली, पण बायकोला एकदाही नेलं नाही. रस्ता भयंकर आहे म्हणायचा. खडक, चिखल, मधे ओढा. मी छाती पुढे काढून सांगितलं, हा रविवार पक्का.
फक्त टायर बघायला हवेत.

५ नोव्हेंबर
टायरवाला म्हणतो, आहेत ते उत्तम आहेत, अजून दोन वर्षं हात लावू नका. त्याचं काय जातंय? ओढ्यात मला उतरायचंय.
संध्याकाळी जीपमध्ये बसून बघितलं. सीट दादाच्या तंगड्यांच्या हिशोबाने मागे, माझा पाय क्लचपर्यंत जेमतेम पोचतो. आरशात नुसतं छत दिसतं. खोकल्याच्या गोळ्यांचा वास अजून तसाच. सीट पुढे घेणार होतो. नाही घेतली. परत आला तर चिडेल.
हे वाक्य खोडणार होतो. असू दे. वाचतंय कोण?

८ नोव्हेंबर, रविवार
गेलो नाही. वहिनी डबा भरून, पायात बूट घालून तयार. बूट दादाचे, आत कापूस कोंबलेला. मी त्यांना समजावलं की मड टायर चिखलात पकडतात पण डांबरावर बोंबलतात, आणि ऑल-टेरेन दोन्हीकडे बरे पण चिखलात कच खातात. असा निर्णय घाईने घेता येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अंगणातच डबा खाल्ला, जीपकडे तोंड करून. वहिनींना ठसका लागला तेव्हा मी उगाच जीपकडे बघितलं.

११ नोव्हेंबर
अभ्यास जोरात. चष्म्याच्या दुकानात आज गिऱ्हाइकाला जवळचा नंबर लावायचा तो लांबचा लावला. त्यालाच घाई होती.
गाडी कंपनीतून आली तशी आहे, उंच केलेली नाही, काही नाही. टायरवाला म्हणतो अशा गाडीला फार तर एक साइज मोठा बसतो. मी दोन साइज घेणार. भित्र्या माणसाचा सल्ला घेऊ नये.
जीपचं दार लावताना आतून कुणीतरी खाकरलं. पत्रा थंड होताना असे आवाज येतात, हे शास्त्र आहे. अर्थात, गाडी मी सुरूच केली नव्हती. सकाळपासून सावलीत होती.

१४ नोव्हेंबर
उद्याचा रविवार रद्द. कारण आता रिमही बदलायच्या. वहिनी म्हणाल्या, बरं. त्या हल्ली प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतात, ते मला आवडत नाही.
रिमला ऑफसेट नावाचा एक आकडा असतो, चाक किती आत किंवा बाहेर बसणार त्याचा, प्लस किंवा मायनस. टायरवाला समजावायला लागला, मी त्याला थांबवलं. वीस वर्षं चष्मे करतोय, मला मायनस शिकवणार? मायनसच्या काचेमागे डोळा आत गेल्यासारखा दिसतो. म्हणजे मायनस म्हणजे आत. चाकं आत गेली की मोठा टायर कुठे घासणार नाही. जबरदस्त मायनस मागवला. टायरवाला काहीतरी बोलणार होता, मग त्याने चहा मागवला.

१७ नोव्हेंबर
दादा स्वप्नात. ड्रायव्हरच्या सीटवर, माझ्याकडे पाठ. मी टायरची साइज सांगितली. तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

२१ नोव्हेंबर
चाकं आली. टायरवाल्याने अंगणातच बसवून दिली. चारही चाकं गाडीच्या बाहेर वीतभर. स्टीअरिंग जरा वळवलं की टायर मडगार्डला घासतो. स्टेपनी मागच्या दारावर बसत नाही, ती व्हरांड्यात ठेवलीये.
थोडक्यात, गाडी फक्त सरळ जाऊ शकते. समोर भिंत आहे.
मी म्हटलं माल सदोष आहे. टायरवाला जुनी चाकं भिंतीला लावून गेला. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, उद्या टॅक्सी बोलावलीये, यायचं असेल तर या.

२२ नोव्हेंबर, रविवार
टॅक्सी छोटी, टायर सायकलसारखे. मी ड्रायव्हरला दोनदा बजावलं की पुढे ओढा आहे. तो म्हणाला, कुठला ओढा?
वरपर्यंत डांबरी रस्ता. मधे पांढरा पट्टा. कडेला कठडासुद्धा. ड्रायव्हर म्हणाला, तो गाडी शिकला तोच ह्या रस्त्यावर, तेव्हाही असाच होता. मी म्हटलं, त्याआधी खराब असणार. 
वर टॉवर, एक खोली, आणि दरीकडे तोंड करून एकच खुर्ची. वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग बसल्या.
म्हणाल्या, "एकटं बसायचंय म्हणाले असते, तरी मी समजले असते हो. रस्त्याचं कशाला सांगायचं?"
मी टॉवरच्या उंचीविषयी काहीतरी बोललो.

२८ नोव्हेंबर
टायरवाल्याने जुनी चाकं पुन्हा चढवली. वहिनी सकाळच्या गाडीने गेल्या. स्टेशनवर मी सोडणार होतो, पण बॅटरी उतरली असेल अशी शंका आली.

३० नोव्हेंबर
डॉक्टर जीप न्यायला आले. बसले, किल्ली फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात सुरू. गेले. अंगण केवढं मोठं दिसतंय.
वहिनींचा फोन आला. नीट पोचल्या, नातवाला ताप आहे, असं काहीबाही सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्यांच्या जागेवर बसवत नाही, एवढंच सांगायचं होतंत. मलाही बसवत नव्हतं. आपण पहिल्याच रविवारी टॅक्सी केली असती."
मी म्हटलं, तसं काही नाही वहिनी, टायरचाच प्रॉब्लेम होता.
त्या म्हणाल्या, बरं.
फोन ठेवला आणि खूप रडलो.