मोकळं वाटतं ना?

३ मार्च २०२५, सांगली

बाळाबाईंना टेम्पोनं उडवलं! सकाळी कुपवाड रोडवर, कामाला जाताना. त्यांच्या मुलीचा, पिंकीचा फोन आला — मांडीचं हाड मोडलंय, सिव्हिलला आणलंय. आईच्या मोबाईलमध्ये माझा नंबर 'सायकलवाल्या म्याडम' म्हणून आहे म्हणाली.

रोज सायकलनं कामावर जाणाऱ्या बेचाळीस बायकांना चार वर्षांत भेटले, निम्म्या इथं, निम्म्या साताऱ्यात. पण पीएच.डी.च्या प्रबंधाला नाव दिलं ते बाळाबाईंच्या वाक्याचं — 'सायकलवर मोकळं वाटतं'. येत्या सोमवारी तो सादर करायचाय.

४ मार्च

सिव्हिलला जाऊन आले. पायाला वजन बांधलंय. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "बरं झालं बगा ताई. सुटली एकदाची सायकल."

गुंगीत बोलतायत असं वाटलं. तसं नव्हतं. शांतपणे सगळं सांगत होत्या. नवरा गेल्यावर विश्रामबागेत दोन घरचा स्वयंपाक धरला. कामाच्या वेळेला बस नाही, म्हणून पस्तिसाव्या वर्षी सायकल शिकल्या. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की उतरून कडेला उभ्या राहायच्या. दोनदा पडल्या, घरात सांगितलं नाही. रोज भीती. अकरा वर्षं!

मग मला तसं का सांगितलंत, विचारलं.

"आवं, तुमी किती हौसेनं इचारत हुता. तुमच्या तोंडाकडं बगून न्हाई म्हणवंना."

पिंकी खाली बघत राहिली. आईला सायकलची भीती वाटते हे तिला माहीत होतं.

५ मार्च

सकाळपासून रेकॉर्डिंग ऐकतेय. बाळाबाई, सतरावं मिनिट. माझा आवाज — 'मोकळं वाटतं ना?' मग काहीच नाही. कुकरची शिट्टी. मग त्या — 'व्हय. मोकळं वाटतं.'

शब्द माझा होता!

दुसरी मुलाखत लावली. तिसरी. अकरा ऐकल्या आणि बंद केलं. अकरातल्या नऊजणींना तो शब्द मीच दिलाय.

६ मार्च

मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते म्हणाले, मुलाखतीत जे बोलल्या ते बोलल्या, नंतर मत बदललं तर आपला काय संबंध? बाइंडिंगला टाक. मी मुदतवाढीचा अर्ज पुढं केला. बराच वेळ चिडले. शेवटी सही केली, माझ्याकडं न बघता. तीन महिने मिळाले.

आईनं शेजारीपाजारी सांगून ठेवलंय, पोरगी सोमवारपासून डॉक्टर.

७ मार्च

काही सुचत नाही.

१९ मार्च, सातारा

सगळ्यांना पुन्हा भेटायचं ठरवलंय. एवढंच म्हणायचं — रस्त्यावर काय होतं ते सांगा. आणि गप्प बसायचं. लय अवघड जातं!

आज चंद्राबाई. मूळच्या उंब्रजच्या, नवरा फौजेत होता. पोवई नाक्याजवळ शिवण क्लास घेतात. मागच्या वेळी मी वीस मिनिटांत उठले होते, आज पाऊण तास त्याच बोलत होत्या. चढावर उतरून सायकल ढकलत जावं लागतं, तेव्हा टपरीवरची माणसं काय काय बोलतात ते सगळं. ऐकून कान गरम झाले. हे मागच्या वेळी का नाही सांगितलं?

"तवा तुमी इचारलं कुठं?"

मग आपण होऊनच म्हणाल्या, सायकल मात्र सोडणार नाही. सांजच्याला उतारावरनं घरी जाताना 'बरं' वाटतं. बरं. हा त्यांचा शब्द. तसाच लिहून घेतला.

२८ एप्रिल

मोकळेपणावरचं तिसरं प्रकरण पूर्ण काढून टाकलं. दोन वर्षांचं काम. रडू आलं नाही, याचंच आश्चर्य.

९ जून

प्रबंध सादर केला. नाव बदललं. काल बाळाबाईंच्या घरी जाऊन त्यांच्यावरचा भाग वाचून दाखवला. भिंतीला टेकून, काठी मांडीवर घेऊन ऐकत होत्या. "आता खरं लिवलंय," एवढंच म्हणाल्या. पिंकीनं चहा केला.

१८ सप्टेंबर

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला — तुम्ही स्वतः सायकल कुठं कुठं चालवता?

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं. मग सांगितलं, मला सायकल येत नाही.