माणसं अधिक एक

२ एप्रिल
आले एकदाची! कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळाली, तीही कोपऱ्यातली, दोन खिडक्यांची. फोनवर ताई म्हणाली, नोकरी लागल्यापासून तुझ्या अंगावर मूठभर मांस चढलंय. चढणारच! शेजारी प्लंबरकाका, काकू आणि त्यांची चिमी. चिमीचे पुढचे दोन्ही दात पडलेत, तरी तोंडाचा पट्टा चालूच. काकांनी माझा गळका नळ न सांगता दुरुस्त करून दिला.

४ एप्रिल
ऑफिसात वसाहतीतल्या प्रत्येक घराची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. त्यात दोनच ओळी: कुटुंबप्रमुखाचं वय आणि घरातली एकूण माणसं. वर्ष बदललं की सगळी वयं एकाने वाढवायची. हेडक्लार्क बाई एकेक फाइल उघडून हाताने वाढवायच्या, आठवडा जायचा. मी काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड लिहिली, एंटर दाबलं, संपलं काम. बाई बघतच राहिल्या. चहा त्यांच्याकडून!

५ एप्रिल
घोळ झालाय. ‘फक्त वयाच्या ओळीत’ ही अट घालायची राहूनच गेली. फाइलींमधला प्रत्येक आकडा वाढलाय. काकांकडे तिनाची चार माणसं, माझ्या खोलीत एकाची दोन. जुन्या फाइलींची प्रत ठेवायचंही सुचलं नाही. उद्या सुट्टी; परवा गुपचूप निस्तरते.

६ एप्रिल
सकाळी काकांच्या दाराशी एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. पाहुणे आलेत का, म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, “पाहुणे कसले? घरचेच आहेत ते.” नातं काय, ते मात्र त्यांना सांगता येईना. चिमी आईच्या मागे लपलेली. समोरच्या घरात, त्याच्या शेजारी, सगळीकडे एक-एक अनोळखी माणूस.
खोलीवर परतले तर न्हाणीघराला आतून कडी. आत पाणी पडत होतं.

७ एप्रिल
ती बाहेर आली. अंगात माझा गाऊन. चेहरा माझ्यासारखा, पण अजून पुरता नाही.
तशीच ऑफिसात पळाले. माणसांच्या ओळीतून एक वजा करणारी कमांड दिली. या वेळी अट पुन्हा पुन्हा तपासली.

८ एप्रिल
काकांकडे परत तीन माणसं. काका, काकू आणि तो म्हातारा.
चिमी कुठंय, विचारलं. काकू हसल्या. “कोण चिमी? आम्हाला मूलबाळ कुठंय, गं?” दोरीवर छोटा फ्रॉक वाळत होता. त्यांनी तो ओढून फरशी पुसायला घेतला.
कमांड एक कमी करते. कुणाला, ते ती विचारत नाही — मीही सांगितलं नव्हतं.
त्यांच्या फाइलीत पुन्हा एक वाढवला, चिमी येईल म्हणून. आता दाराशी दोन म्हातारे आहेत.

९ एप्रिल
माझ्या फाइलीत एक. ती इथेच आहे. चेहरा पुरा झालाय.
ताईचा फोन तिने उचलला. मी जिवाच्या आकांताने ओरडले — ताई हसत बोलतच राहिली —

माझ्या फाइलीत पुन्हा दोन करायला हवेत. निदान दोन. दाराची कडी हाताला लागते, पण सरकत नाही. बाई शोधत आल्या. तिच्याशी बोलल्या, तिला घेऊन ऑफिसात गेल्या. मी दारातच उभी होते. धक्कासुद्धा लागला नाही —

परत आली. टेबलापाशी बसलीय. वही दिसते तिला, मी नाही. माझंच अक्षर वाचतेय, ओळीवर बोट ठेवून — आता इथवर आली — पेन माझ्या बोटांतून तिच्या